वॅट वाहणारा, मायक्रोव्होल्ट अडवणारा: एका घरगुती लिनिअर ॲम्प्लिफायरमधील रिलेचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावी राहणाऱ्या, जनरल श्रेणीचा परवाना असलेल्या एका निवृत्त हॅमकडे (हौशी रेडिओचालकाकडे) एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) पट्ट्यांसाठी घरी बांधलेला, प्रसारणाची शक्ती वाढवणारा लिनिअर ॲम्प्लिफायर आहे. त्यात ८११ए जातीचे तीन ट्रायोड व्हॉल्व्ह ग्राउंडेड ग्रिड पद्धतीने समांतर जोडलेले असून प्लेटवर सुमारे १५०० व्होल्ट असतात. तीन व्हॉल्व्हमधून याहून अधिक शक्ती काढता येते, परंतु परवान्याची मर्यादा आणि व्हॉल्व्हचे आयुष्य या दोहोंचा विचार करून हे गृहस्थ तो ३०० वॅटच्या आसपासच चालवतात. ॲम्प्लिफायर त्यांच्या एका जुन्या मित्राने बांधला होता आणि त्या मित्राच्या पश्चात तो त्यांच्याकडे आला. सोबत हाताने काढलेले सर्किटचे दोन कागद होते, पण त्यांत नंतर झालेल्या बदलांची नोंद नव्हती.

अँटेना बदलण्याचे सगळे काम एकाच रिलेवर, म्हणजे कॉइलमधील विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचवर, होते. हा रिले कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सर्रास दिसणारा, पारदर्शक झाकणाचा, २४ व्होल्ट डीसी कॉइलचा अकरा पिनी प्लग-इन रिले होता. त्याच्या एकत्र हलणाऱ्या तीन स्विचांपैकी पहिला पोल रिगकडून (रेडिओ संचाकडून) येणारी कोॲक्स केबल ॲम्प्लिफायरच्या इनपुटला किंवा बायपासला जोडत असे, दुसरा पोल अँटेना बदलत असे, आणि तिसरा पोल रिसीव्हच्या वेळी फिलामेंट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपचा मार्ग तोडून व्हॉल्व्ह कट-ऑफमध्ये, म्हणजे प्रवाह बंद असलेल्या स्थितीत, ठेवत असे. यातील एक गोष्ट पुढच्या सगळ्या घटनाक्रमाच्या मुळाशी आहे. ॲम्प्लिफायर चालू असो वा बंद, अँटेनावर येणारा प्रत्येक सिग्नल रिगपर्यंत पोचण्यासाठी या रिलेच्या दोन एनसी (कॉइलला वीज नसताना जोडलेल्या) कॉन्टॅक्टमधून जावा लागतो. म्हणजे ज्या कॉन्टॅक्टमधून बायपासवर प्रसारण करताना १०० वॅट, अर्थात ५० ओहमवर सुमारे ७१ व्होल्ट आणि १.४ अँपिअर जातात, त्याच कॉन्टॅक्टमधून रिसीव्हच्या वेळी मायक्रोव्होल्टमध्ये मोजावेत असे सिग्नल जातात. एचएफवर सिग्नलचे बळ दाखवणाऱ्या एस-मीटरचा एस ९ म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट. अंधुक स्टेशने एक मायक्रोव्होल्टच्याही खाली असतात.

अडचण

पावसाळ्याच्या सुरुवातीला सकाळच्या ४० मीटर नेटवर (ठरलेल्या वेळच्या सामूहिक संभाषणात) त्यांना स्टेशने मध्येच ऐकू येईनाशी होऊ लागली. त्यांचा सिग्नल मात्र इतरांना नेहमीसारखाच मिळत होता. आधी त्यांनी प्रसरणातील, म्हणजे वातावरणातून लहरी पोचण्यातील, चढउतारांना दोष दिला. नंतर डायपोल अँटेना आणि कोॲक्स यांना जोडणाऱ्या बलूनवर (एका ट्रान्सफॉर्मरवर) संशय घेतला, मग कोॲक्सच्या टोकांचे पीएल-२५९ कनेक्टर कापून नवे बसवले. प्रत्येक दुरुस्तीनंतर एक-दोन दिवस सगळे सुरळीत चाले आणि नंतर तक्रार परत येई. त्यामुळे शेवटी जे काम केले त्यानेच गुण आला असा समज दर वेळी होत असे, आणि त्यात दीड महिना गेला.

क्लबमधील सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे जाऊन पाहिले तेव्हा निर्णायक खूण रिगच्या पडद्यावर मिळाली. वॉटरफॉलवर (पट्ट्यातील सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) पट्ट्याचा नेहमीचा निळसर गोंगाट वरून खाली सरकत होता, आणि मध्येच एका आडव्या रेषेपासून संपूर्ण रुंदीभर पडदा काळा झाला. एस ९ वरचे स्टेशन एस ४ वर आले आणि त्याच क्षणी पार्श्वभूमीची खरखरही गेली. प्रसरणातील फेडिंगमध्ये असे होत नाही. तिथे एखादे स्टेशन हळूहळू बुडते, शेजारचे तसेच राहते आणि पट्ट्याचा गोंगाट जागेवर असतो. सगळा पट्टा एका क्षणात, एकाच प्रमाणात खाली जातो तेव्हा दोष अँटेना आणि रिसीव्हर यांच्या मधल्या मार्गात असतो. त्या गृहस्थांनी पीटीटी (बोलण्याचे बटण) क्षणभर दाबून सोडला आणि पडदा पुन्हा निळा झाला. ‘जरा खाकरलं की मोकळं होतं,’ असे ते म्हणाले. याचा अर्थ दोष त्यांच्या नजरेस आला होता, त्याचे कारण तेवढे कळले नव्हते.

निदान

ॲम्प्लिफायरकडे येणाऱ्या दोन्ही केबली काढून त्या बॅरल कनेक्टरने थेट एकमेकींना जोडल्या. पुढचे काही दिवस एकदाही सिग्नल पडला नाही. बलून, डायपोल, कोॲक्स आणि रिग हे चारही घटक एका साध्या कनेक्टरने संशयातून मुक्त झाले. ही चाचणी पहिल्याच दिवशी करता आली असती, पण ॲम्प्लिफायर ‘बंद’ असताना तो मार्गात नसतो, अशी बहुतेकांची धारणा असते.

त्यानंतर एनसी मार्गाची तपासणी सुरू झाली. पहिली तपासणी मल्टीमीटरने झाली आणि ती दिशाभूल करणारी ठरली. मीटरने ०.२ ओहम दाखवले, बझर वाजला, आणि रिले चांगला असल्याचे मत जवळजवळ नक्की झाले होते. परंतु ओहम मोजताना मल्टीमीटर कॉन्टॅक्टवर दोन-तीन व्होल्टचा दाब देतो. चांदीवर चढलेला पातळ थर तेवढ्या दाबाने फुटू शकतो. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच दोष तात्पुरता दूर होतो आणि मीटर खरे बोलूनही निष्कर्ष चुकतो. त्याच दिवशी मीटर लावल्यानंतर रिसीव्ह उत्तम चालू लागले, तेव्हा क्लबमधील एका तरुण अभियंत्याच्या हे लक्षात आले.

दुसऱ्या फेरीत क्रम बदलला. ॲम्प्लिफायर रात्रभर तसाच ठेवून सकाळी, त्यातून कोणताही सिग्नल पाठवण्याआधी, नॅनोव्हीएनए (मार्गातील घट मोजणारे छोटे उपकरण) इनपुट आणि अँटेना सॉकेटच्या मध्ये जोडला. या उपकरणाची शक्ती एका मिलिवॅटहूनही कमी असते, म्हणून ते प्रत्यक्ष रिसीव्हच्या परिस्थितीच्या बरेच जवळ जाते. कॉइलला वीज नसतानाच एनसी मार्ग जोडलेला असल्याने हे मोजमाप मुख्य प्लग काढूनच करता आले. चांगल्या बायपास मार्गात एचएफवर एक-दोन दशांश डेसिबलचीच घट दिसायला हवी. येथे ७.१ मेगाहर्ट्झवर आलेख उणे २८ डेसिबलवर होता. प्लास्टिकच्या पट्टीने रिलेच्या झाकणावर टिचकी मारताच तो उणे ०.३ वर चढला आणि दुसऱ्या टिचकीला पुन्हा घसरला.

पेटी उघडण्याआधी प्लग काढून बाजूला, सर्वांना दिसेल असा ठेवला. फिल्टर कपॅसिटरवरील ब्लीडर रोधकांना पुरेसा वेळ दिला, पण पॅनेलवरील उच्चदाबाचा काटा शून्यावर आला म्हणून त्यावर विश्वास ठेवला नाही. काटा अडकलेला असू शकतो, त्याचा रोधक तुटलेला असू शकतो. लांब मुठीच्या, रोधक जोडलेल्या डिस्चार्ज काठीने प्लेट कॅपला स्पर्श करून भार उतरवला आणि काम संपेपर्यंत प्लेट कॅप ते चासी अशी जाड तार क्लिपने लावून ठेवली. १५०० व्होल्टच्या बाबतीत हा क्रम रोजच्या सवयीचा असला पाहिजे, कारण चूक सुधारायची दुसरी संधी मिळेलच असे नाही.

रिलेचे झाकण काढून भिंगातून पाहिल्यावर तीन पोलांवर तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या. अँटेनाच्या एनसी कॉन्टॅक्टवर तपकिरी-काळसर थर होता आणि त्याखाली समांतर बारीक ओरखडे होते. पूर्वी कधीतरी कोणीतरी तो पॉलिश पेपरने घासला होता. घासल्याने पृष्ठभाग खडबडीत होतो, वरचा चांगला थर असल्यास तोही निघून जातो आणि काजळी पुढच्या वेळी अधिक लवकर धरते. त्याच पोलच्या एनओ (कॉइलला वीज मिळाल्यावर जोडल्या जाणाऱ्या) बाजूला दोन्ही पृष्ठभागांवर ठिणग्यांचे काळे डाग व बारीक खड्डे होते. तिसऱ्या, म्हणजे डीसी वाहणाऱ्या पोलवर एका पृष्ठभागावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच कोंब होता, कारण डीसीच्या ठिणगीत धातू एकाच दिशेने वाहून जातो. थोडक्यात, रिसीव्हची तक्रार एनसी बाजूची होती, परंतु एनओ बाजू वेगळीच कहाणी सांगत होती. हा रिले आरएफ (प्रसारणाची रेडिओ शक्ती) चालू असताना उघडझाप करत होता.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय फक्त सफाईचा होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब टाकलेली साध्या बाँड कागदाची पट्टी बंद कॉन्टॅक्टमधून हलके ओढायची, कागदावर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत नवा भाग वापरायचा, आणि शेवटी कोरडी पट्टी ओढून अवशेष काढायचा. शाबूत पृष्ठभागाच्या रिलेसाठी ही पद्धत उत्तम आहे. येथे तात्पुरता उपाय म्हणून तिचा वापर झाला, घट ०.३ डेसिबलवर आली, आणि तीन आठवड्यांनी तक्रार परतली. खरवडलेल्या पृष्ठभागाकडून याहून अधिक अपेक्षा नव्हती.

दुसरा पर्याय त्याच जातीचा नवा रिले बसवण्याचा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ अकरा पिनी रिले काही शे रुपयांत मिळतो आणि सॉकेट तोच असल्याने चासीला हात लावावा लागत नाही. अडचण अशी की दुकानांतील तयार माल चांदीच्या मिश्रधातूच्या कॉन्टॅक्टचा असतो. तो मोटारी आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइली चालवण्यासाठी बनवलेला आहे. प्रत्येक उघडझापीत होणारी छोटी ठिणगी आणि वाहणारा प्रवाह हेच त्याचे कॉन्टॅक्ट स्वच्छ ठेवतात. ज्या मार्गातून मायक्रोव्होल्टच जातात, तिथे ही स्वच्छता होत नाही आणि चांदीवरचा सल्फाइडचा थर वाढत राहतो. खाडीच्या चिखलातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड आणि पावसाळ्यातील दमट हवा यांच्या सान्निध्यात हा थर लवकर चढावा, यात नवल नाही. म्हणजे नवा रिले हीच तक्रार थोड्या उशिराने परत आणणार होता.

तिसरा पर्याय व्हॅक्यूम रिलेचा. त्याचे कॉन्टॅक्ट निर्वात काचेत वा सिरॅमिकमध्ये बंद असल्याने हवेचा प्रश्नच उरत नाही आणि तो वेगवानही असतो. पण तो परदेशातून मागवावा लागला असता, आणि ३०० वॅटच्या ॲम्प्लिफायरसाठी तो खर्च त्या गृहस्थांना पटला नाही. चौथा पर्याय इनपुट आणि आउटपुटसाठी दोन स्वतंत्र सीलबंद रिले बसवण्याचा होता. तांत्रिकदृष्ट्या माझे मत याच्याच बाजूचे होते. एकाच घनाकृती रिलेत इनपुट आणि आउटपुटचे पोल शेजारी असले की त्यांच्यातील धारितेमुळे वरच्या पट्ट्यांवर आउटपुटचा काही अंश इनपुटकडे परततो. परंतु त्यासाठी चासीत नवी भोके, नवी वायरिंग आणि इनपुट सर्किटची फेरजुळणी लागणार होती. मित्राच्या हातच्या बांधणीत एवढी मोडतोड करण्यास मालकांची तयारी नव्हती, आणि ते प्रामुख्याने ४० व २० मीटरवरच बोलतात.

पाचवा पर्याय एनसी मार्गातून रिसीव्हच्या वेळी सतत थोडा डीसी प्रवाह खेळता ठेवण्याचा. काही मिलिअँपिअरचा हा प्रवाह, आणि कॉन्टॅक्ट उघडा पडल्यास त्यावर येणारा पुरवठ्याचा पूर्ण दाब, पातळ थर फोडण्याचे काम करतो. क्लबमधील एका ज्येष्ठ सदस्यांनी याला ठाम विरोध केला. त्यांच्या मते ही मलमपट्टी होती आणि अँटेनाच्या मार्गात डीसी सोडणे म्हणजे नवे दोष ओढवून घेणे होते. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता, हे पुढे दिसले. तरीही दुसरा आणि पाचवा पर्याय एकत्र करण्याचे ठरले: नवा रिले आणि त्यातून डीसी.

केलेले काम

डीसीचा मार्ग सुदैवाने अर्धा तयार होता. बांधणाऱ्याने अँटेना सॉकेटवर २.५ मिलिहेन्रीचा सेफ्टी चोक जमिनीकडे जोडलेला होता. प्लेटचा ब्लॉकिंग कपॅसिटर शॉर्ट झाल्यास उच्चदाब अँटेनावर न जाता फ्यूज उडावा, हा त्याचा मूळ हेतू. त्याच चोकने आता डीसीला परतीची वाट दिली, आणि त्याच्यावर डीसी दाब जवळजवळ शून्य राहत असल्याने अँटेनाच्या बाजूला वेगळ्या कपॅसिटरची गरज पडली नाही. रिगच्या बाजूला मात्र ०.०१ मायक्रोफॅरडचे, १ किलोव्होल्टचे चार कपॅसिटर समांतर लावून डीसी अडवला. ३.५ मेगाहर्ट्झवर त्यांचा एकत्रित रोध एक ओहमच्या थोडा वर राहतो. रिलेच्या २४ व्होल्ट पुरवठ्यातून २.२ किलोओहम रोधक आणि आरएफ चोकमार्फत इनपुट पोलला डीसी दिला. सुमारे ११ मिलिअँपिअर प्रवाह दोन्ही एनसी कॉन्टॅक्टमधून एकापाठोपाठ वाहू लागला.

एनओ बाजूच्या ठिणग्यांचे कारण शोधण्यासाठी दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप लावला. पीटीटीची तार जमिनीला लागल्यापासून कॉन्टॅक्ट उसळी मारून स्थिर होईपर्यंत सुमारे १४ मिलिसेकंद लागत होते, तर रिगमधून आरएफ ८ मिलिसेकंदांतच बाहेर पडत होते. म्हणजे प्रत्येक प्रसारणाच्या आरंभी काही मिलिसेकंद कॉन्टॅक्ट हवेत असतानाच शक्ती येत होती. रिगच्या मेनूत प्रसारण-विलंबाची सोय होतीच, ती बंद होती. तो २५ मिलिसेकंद केला. वर्षानुवर्षे रिले जाळणारा दोष मेनूतील एका ओळीने गेला, हे त्या गृहस्थांना पटायला थोडा वेळ लागला.

याच तपासणीत तिसरा, अद्याप कोणतीही तक्रार न दिलेला धोका सापडला. रिलेच्या कॉइलवर डायोड नव्हता, आणि २४ व्होल्टची ती कॉइल थेट रिगच्या ॲम्प्लिफायर-नियंत्रण सॉकेटवरून चालवली जात होती. नव्या रिगच्या मॅन्युअलमध्ये या सॉकेटची मर्यादा १६ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर होती. कॉइलचा प्रवाह तुटताना डायोडअभावी शेकडो व्होल्टचा झटका येऊ शकतो. आधीच्या जुन्या रिगमध्ये मजबूत यांत्रिक रिले असल्याने ते खपून गेले असावे. कॉइलवर १एन४००७ डायोड लावला, आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर व आयआरएफ५४० मॉसफेटचे छोटे बोर्ड मध्ये घातले, जेणेकरून रिगच्या तारेवर १२ व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर एवढाच भार राहील. साध्या डायोडमुळे रिले सुटायला उशीर होतो. डायोडसोबत झेनर लावून तो कमी करता आला असता, पण रिले सुटण्याआधी आरएफ थांबलेले असते, म्हणून येथे हा उशीर कॉन्टॅक्टला अपायकारक नाही.

परिणाम

दुरुस्तीनंतर ७.१ मेगाहर्ट्झवरील घट उणे ०.२ डेसिबलवर स्थिर राहिली आणि टिचक्या मारूनही आलेख हलला नाही. त्यानंतरचा संपूर्ण पावसाळा रिसीव्ह एकदाही पडले नाही. वर्षभराने झाकण काढून पाहिले तेव्हा एनओ कॉन्टॅक्टवर खड्डे नव्हते.

दोन गोष्टी मात्र मनासारख्या झाल्या नाहीत. डीसी सुरू केल्यावर काही स्टेशनांच्या आवाजाखाली १०० हर्ट्झची बारीक घरघर ऐकू येऊ लागली. २४ व्होल्ट पुरवठ्याच्या रेक्टिफायर डायोडांचा गोंगाट आता सरळ अँटेनाच्या मार्गात शिरत होता. प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरड आणि पुरवठ्याच्या तारेत रोधक-कपॅसिटरचा फिल्टर घातल्यावर ती गेली, पण ज्येष्ठ सदस्यांचा इशारा इतक्या लवकर खरा ठरला होता. दुसरी गोष्ट मोर्सची. हे गृहस्थ २५ शब्दांच्या वेगाने सीडब्ल्यू पाठवतात. त्या वेगाला एक डिट (मोर्सचा ठिपका) ४८ मिलिसेकंदांचा असतो, आणि प्रत्येक डिटमधल्या फटीत ऐकू येण्यासाठी रिलेने त्याच तालावर उघडझाप करणे या रिलेला झेपणारे नाही. त्यांना फुल ब्रेक-इन सोडून सेमी ब्रेक-इनवर, म्हणजे लांब विरामातच ऐकू येणाऱ्या पद्धतीवर, यावे लागले. त्याबद्दलची त्यांची नाराजी आजही कायम आहे.

वेगळे काय करता आले असते

बॅरल कनेक्टरची चाचणी सर्वांत आधी करायला हवी होती, त्यामुळे कनेक्टर आणि बलूनवरचा दीड महिना वाचला असता. व्हीएनए आधी आणि मल्टीमीटर नंतर हा क्रम आरंभापासून पाळला असता तर एक फेरी वाचली असती. पूर्ण वॉटरफॉल एकदम काळा पडण्याची खूण त्या गृहस्थांनी आधीही पाहिली होती, ती क्लबमध्ये कोणी विचारली असती तर संशय रिलेकडे कितीतरी लवकर वळला असता.

पर्यायांच्या निवडीबद्दल मतभेद उरलेले आहेत. स्वतंत्र इनपुट रिले बसवला असता, आणि तो सोनेरी मुलाम्याच्या कॉन्टॅक्टचा घेतला असता, तर निदान त्या बाजूला डीसीची गरज भासली नसती. मात्र सोन्याचा पातळ थर ठिणगीत टिकत नाही, म्हणून प्रसारण-विलंब आधी दुरुस्त केल्याशिवाय असा रिले बसवणे व्यर्थ ठरले असते. १० मीटरचा पट्टा वापरायचे ठरल्यास ही पुनर्बांधणी टाळता येणार नाही, आणि मालकांनी तशी चाचपणी सुरू केली आहे. तोवर ॲम्प्लिफायरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नवे सर्किट, डीसीचा मार्ग आणि २५ मिलिसेकंदांची नोंद असलेला कागद चिकटवला आहे, जेणेकरून पुढे रिग बदलताना ही सेटिंग राहून जाऊ नये.